मानेवरचे केस

६ एप्रिल

ताई,

फोन केला की तू प्रत्येक वाक्याला ‘काय?’ म्हणतेस आणि शेवटी माझ्या घरातलं सगळं गल्लीला ऐकू जातं, म्हणून पत्र लिहितोय. वाईट बातमी आधीच सांगून टाकतो. ठोंब्या गेला. महिना होत आला. अकरा वर्षांचा होता, कुत्र्याच्या मानाने वय झालंच होतं. शेवटी शेवटी खात नव्हता.

तुझ्याकडे एक काम आहे. तू त्या शेजारच्या मास्तरीणबाईंच्या मांजरीचं काळ्या बोर्डावर चित्र केलं होतंस ना, लोक बोट लावून बघायचे केस खरे आहेत का म्हणून? तसं ठोंब्याचं करून दे. पोरीला पाठवायचंय.

तुला सगळं माहीतच आहे. जूनमध्ये तिला जाऊन दोन वर्षं होतील. दुसऱ्या गावी नोकरी धरली, मला न विचारता, आणि मी दारात उभा राहून म्हणालो, ‘गेलीस तर गेलीस, परत या दारात तोंड दाखवू नकोस.’ माझ्या तोंडाला कधी हाड होतं? पण तिने शब्द धरला तो धरलाच, बापासारखी. तिचा पत्ता तुझ्याकडे आहे आणि मला द्यायचा नाही असं तिने तुला बजावलंय, हेही मला ठाऊक आहे. मी मागत नाही. जाताना तिचं शेवटचं वाक्य होतं, ‘बाबा, याला तेवढं सांभाळा.’ तिच्या खोलीवर कुत्रं चालत नव्हतं.

आता तो गेला हे मी तिला कुठल्या तोंडाने सांगू? मी सांगायला गेलो की सरळ गोष्टही वाकडी होते. चित्र बघेल, रडेल, आणि रडली की फोन करेल. माझी पोर आहे, मी ओळखतो तिला. मला तेवढा एक फोन हवाय, ताई. त्रेसष्ट वर्षांचा झालो. दिवसभर कारखान्याचे गणवेश शिवतो आणि संध्याकाळी घरी येऊन मशीनशीच बोलतो.

सोबत तीन फोटो आहेत.

तुझा धाकटा


१५ एप्रिल

धाकट्या,

ठोंब्या गेला आणि तू मला महिन्याने कळवतोस! माझ्या चपला खाल्लेल्या त्या गाढवाने, एक नाही, तीन जोड.

चित्र करीन. पण तू पाठवलेल्या फोटोंवरून ब्रह्मदेवालासुद्धा कुत्रा करता येणार नाही. एकात पोरीने गळ्यात हात टाकलाय, एकात तो आंघोळीनंतर पंच्यात गुंडाळलेला आहे, आणि तिसऱ्यात तो इतका हललाय की कुत्रा कुठला आणि धूळ कुठली ते कळत नाही. मला केस न् केस दिसायला हवा. कानामागचे कुठे वळतात, गालावरचे कुठे आखूड होतात, नाकाशी कुठे संपतात. अंदाजाने काढायला गेलं की कुत्रा होत नाही, कुत्र्याचं खेळणं होतं.

तुला वाटत असेल काय एवढं त्यात. बोर्डावर पांढऱ्या मातीचा थर असतो आणि त्यावर काळी शाई. सुईने शाई खरवडली की खालचं पांढरं उघडं पडतं. म्हणजे आपण उजेड काढायचा, अंधार आयताच मिळालेला असतो. तुमच्या धंद्यात चुकलं की उसवून परत शिवता येतं. इथे काळं ठेवलं तर त्यात केस केव्हाही काढता येतात, पण एकदा केस काढला की ते परत मूळचं काळं होत नाही. आणि माझा हात आता सकाळी सकाळी थरथरतो. वाळूची पिशवी करून त्यावर मनगट टेकवते, तेव्हा कुठे सुई सरळ जाते.

स्वच्छ फोटो पाठव. अलीकडचा असला तरी चालेल. आणि पोरीला ठोंब्याचं मी कळवू का? चित्र आधी आणि बातमी नंतर, हे मला बरं वाटत नाही.

ताई


२४ एप्रिल

ताई,

पोरीला काही कळवू नकोस. एवढं माझ्यावर सोड.

स्वच्छ म्हणावा असा एकच फोटो आहे. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी त्यांच्या नोंदीसाठी काढलेला, शेवटच्या दिवशी, खिडकीच्या उजेडात. त्यांच्याकडे जाऊन मोठा करून आणला. त्याला उभं राहवत नव्हतं म्हणून मी खालून धरलंय. कोपऱ्यात अंगठा दिसतोय तो माझा, तो चित्रात घेऊ नकोस. मानेवर पट्ट्याची खूण आहे, तिकडेही लक्ष देऊ नकोस. चेहरा तेवढा नीट कर. डोळे अगदी तिच्याकडे बघतायत असे यायला हवेत.

मिशा डाव्या बाजूला जास्त पांढऱ्या होत्या, उजव्या बाजूला दोन काळ्या राहिल्या होत्या. कानाचा शेंडा लहानपणापासूनच चिरलेला. आणखी काय हवं ते विचार.

धाकटा


१९ मे

धाकट्या,

चेहरा झाला. डोळ्यांपासून सुरुवात केली, कारण डोळे फसले तर पुढचं सगळं वाया. बुबुळाला चार दिवस लागले. बाहुली तशीच काळी ठेवलीय, सुई लावलीच नाही, फक्त खिडकीचा एवढासा चौकोन खरवडला आणि तो एकदम बघायला लागला. मी घाबरून सुई खाली ठेवली. नाकावरची खरबरीत कातडी नुसत्या टिंबांनी केली. तुझ्या दोन काळ्या मिशाही आहेत. काळ्यावर काळी मिशी कशी दिसणार म्हणून तिच्यामागचे केस उजळ केले, म्हणजे ती आपोआप उठून आली.

मग मानेपाशी आले आणि थांबले. त्याला आता नऊ दिवस झाले.

मी आयुष्यभर गुराढोरांच्या डॉक्टरांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढलीत, धाकट्या. खुरांचे रोग काढलेत, कातडीचे काढलेत. मला दोराची जखम पट्ट्याची खूण म्हणून विकू नकोस. पट्ट्याने केस दबतात, झिजतात. इथे चार बोटं रुंद जागेत केसच नाहीत. कडेचे तुटून आखूड झालेत आणि मध्ये ओली चीर आहे, मानेभोवती पूर्ण फिरलेली. भिंगाखाली धरलं तर चिरेत दोराचा पीळ उमटलेला दिसतो. हे एका दिवसाचं काम नाही. महिन्यांचं आहे.

मानेवरची ती जागा मी काळीच ठेवलीय. फोटोत आहे तसं करायचं तर तिथे फार थोडं खरवडावं लागेल. खरं काय ते सांग, मग सुई उचलेन.

ताई


२८ मे

ताई,

तू मोठी आहेस, तुझ्यापासून काय लपवणार.

ती गेल्यावर तो फाटकाशी बसायला लागला. संध्याकाळी तिच्या बसची वेळ झाली की उडी मारून थेट थांब्यावर. दोनदा मी त्याला गाड्यांमधून उचलून आणला. तिसऱ्यांदा ट्रकचा धक्का लागता लागता वाचला. मग मी त्याला मागच्या नळाशी बांधायला लागलो. देवाशपथ सांगतो, आधी फक्त संध्याकाळचा. तो मरू नये म्हणूनच. मग सकाळी सोडायचं राहायला लागलं. मग राहूनच गेलं. चौदा महिने, ताई.

खरं सांगू? मला त्याच्याकडे बघवत नव्हतं. मी घरात असायचो, मी खायला घालायचो, आणि हा दिवसभर दाराकडे डोळे लावून. मी जसा कोणी नव्हेच. माणसावर काढता येत नाही तो राग मी मुक्या जनावरावर काढला. वड्याचं तेल वांग्यावर म्हणतात ते हेच. दोर नायलॉनचा होता. तो ओढायचा, दोर आत जायचा. मी रोज पाणी ठेवायचो आणि पाठ फिरवायचो. वास यायला लागला तेव्हा उचलून नेला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ‘इतके दिवस तुमच्या लक्षात नाही आलं?’ मी नाही म्हणालो. आलं होतं.

आता तुझ्या पाया पडतो, एवढं एक कर. तिथे केस काढ. आधीच्यासारखी भरगच्च मान कर, तुझ्या हातात आहे ते. तिने हे बघितलं तर ती मला कायमची गेली. मी तिच्या नावाने एक चिठ्ठी सोबत ठेवलीय, ती चित्राच्या मागे चिकटव.

धाकटा


१६ जून

धाकट्या,

केलं.

तुझं पत्र वाचल्यावर दोन दिवस तुझं तोंड बघू नये असं वाटलं. मग तू पाच वर्षांचा असताना माझ्या पाठीमागे लपायचास ते आठवलं. आई रागावली की यायचास आणि माझी ओढणी धरून उभा राहायचास, आणि मी सांगायचे, ‘त्याने नाही केलं.’ दरवेळी तूच केलेलं असायचं.

मानेवरचे केस बघून काढायला फोटोत काही नव्हतंच. गालावरचे कसे वळतात ते बघून खाली नेले, छातीवरचे वर आणले आणि मध्ये जुळवले. हात एकदाही थरथरला नाही. मानेत इतके दाट केस आलेत की बघणाऱ्याला बोट घालावंसं वाटेल. आजवरचं माझं सर्वांत चांगलं काम आहे, आणि मला ते समोर ठेववत नव्हतं. म्हणून लगेच बांधून तिच्या पत्त्यावर धाडलं. तुझी चिठ्ठी मागे चिकटवलीय. ‘शेवटपर्यंत तुझी आठवण काढत होता. सुखाने गेला.’ हे वाक्य मी वाचायला नको होतं.

आता वाट बघ.

ताई


२ जुलै

ताई,

काही कळलं का? मी कामावरून लवकर येतो आजकाल. फोन घरातच वाजला पाहिजे ना, दुकानात मशीनच्या आवाजात ऐकू येत नाही. तिच्या खोलीतले कापडाचे गठ्ठे काढून पुढच्या खोलीत आणले. पलंग झटकला. पडदे नवे शिवले, निळे. तिला निळा आवडायचा, का तो तिच्या आईला आवडायचा, आता खात्री वाटत नाही.

काल एक फोन आला. धावत जाऊन उचलला तर चुकीचा नंबर. पण त्या बाईशी मी दोन मिनिटं बोललो, असा आनंदात होतो.

ती तुला आधी लिहील. लिहिलं की लगेच कळव.

धाकटा


९ जुलै

आत्या,

चित्र परत पाठवते आहे. नीट बांधलंय, कोपरे दुमडणार नाहीत.

ठोंब्या गेल्याचं मला मार्चमध्येच कळलं होतं, शेजारच्या काकूंकडून. त्यामुळे पार्सल उघडल्यावर धक्का बसला तो त्याचा नाही. डोळे बघून मी त्याला हाकच मारली. कशी करतेस गं हे? तो अगदी तसाच बघायचा, मी बूट घालायला लागले की.

मग मी मान बघितली.

मी फेब्रुवारीत घरी गेले होते. बाबा कामावर असताना, दुपारी, मागच्या फाटकाने. पुढच्या दाराने यायचं नाही असं त्यांनीच सांगितलं होतं. ठोंब्या नळाशी बांधलेला होता. भुंकला नाही. नुसता थरथरत राहिला आणि माझ्या हाताला तोंड लावून उभा. मी त्याच्या मानेतले केस बाजूला करायला गेले तर केस नव्हतेच. जखम धुतली, काकूंकडून मलम मागून आणलं, लावलं, दोर सैल केला. सोडला मात्र नाही. सोडला असता तर बसच्या मागे धावत आला असता आणि रस्त्यात मेला असता. असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं.

परत येऊन खोली शोधायला लागले. कुत्रं चालेल अशी. दोन आठवडे लागले. गावाच्या टोकाला मिळाली. गळ्याला लागणार नाही असा छातीचा पट्टा घेतला आणि त्याला न्यायला गेले, तर मागच्या फाटकाला कुलूप. नवंकोरं. मी आले होते हे बाबांना कळलं आणि हे त्यांचं उत्तर, हे समजायला वेळ लागला नाही. भिंतीपलीकडून तो कण्हत होता, त्याला माझा वास आला होता. मी हळू आवाजात ‘ठोंब्या, ठोंब्या’ करत राहिले. पुढे जाऊन दार वाजवायला हवं होतं. गेले नाही. ‘परत तोंड दाखवू नकोस’ हे दुसऱ्यांदा ऐकायची ताकद नव्हती. बस पकडली. पंधरा दिवसांनी तो गेला.

तेव्हा ‘सुखाने गेला’ हे बाबांनी मला लिहू नये.

तुला एक सांगते, आत्या. पार्सलवर तुझं अक्षर आणि चिठ्ठीवर त्यांचं, हे बघून मला वाटलं होतं की बाबांनी हे करवून घेतलंय म्हणजे त्यांनी कबूल केलंय. तू काही गाळत नाहीस हे सगळ्या घराला माहीत आहे. मानेवर ती चीर असती ना, तर मी त्याच दिवशी निघाले असते. त्यांनी त्याच्याकडे एकदा तरी नीट बघितलं, एवढंच मला पुरलं असतं. भांडले असते, रडले असते, पण आले असते. तुम्ही दोघांनी मिळून तिथे केस लावले.

महिनाअखेरीला ही नोकरी सोडते आहे, गावही. नवा पत्ता तुलाही देणार नाही. तू वाईट आहेस म्हणून नाही. ते रडले की तू त्यांच्यासाठी काहीही करतेस म्हणून.

तब्येतीला जप. हाताला आराम दे.

तुझी चिऊ


६ ऑगस्ट

धाकट्या,

सोबत पोरीचं पत्र आहे. ते आधी वाच, मग हे.

ते माझ्याकडे आलं त्याला तीन आठवडे झाले. मधे तुझं आणखी एक पत्र आलं, पडद्यांना झालर लावू का विचारणारं, आणि मला उत्तर लिहवेना. आधी मी तिलाच लिहिलं. सगळं लिहिलं, तुझं आणि माझंही. पाकीट काल परत आलं. राहणारी सोडून गेली, असा शेरा आहे. नोकरीच्या ठिकाणी फोन केला. मला नीट ऐकू येत नाही म्हणून समोरच्या घरातल्या मुलीला बोलायला लावलं. त्यांनाही तिने काही सांगितलेलं नाही. काकूंनाही विचारलं. त्यांच्याकडे जुनाच नंबर आहे आणि तो बंद आहे.

तुला दोष द्यायचा तेवढा माझ्या मनात देऊन झाला. आता उरला तो माझा आहे. तू घाबरलेला होतास, घाबरलेला माणूस काहीही मागतो. मी नाही म्हणायला हवं होतं. त्र्याहत्तर वर्षांची बाई, हातात भिंग, समोर फोटो, आणि मी जे दिसत होतं ते काढलं नाही. मला वाटलं मी तुझं घर सांधतेय.

मानेवर शाई लावून बघितली. रंग जुळतो, पण ती जागा वेगळी चकाकते. खालचे केस कडेने वर येतात. काही उपयोग नाही.

तू इकडे ये थोडे दिवस. एकटा बसू नकोस.

ताई


१३ ऑगस्ट

ताई,

पत्र मिळालं. तिचं चार वेळा वाचलं. पाचव्यांदा वाचायला घेतलं तेव्हा अक्षरं दिसेनात.

येत नाही इतक्यात. काम आहे. कारखान्याचे दीडशे शर्ट अर्धवट आहेत. आणि तुझ्याकडे आलो तर चित्र समोर असेल.

जखमेचं तिने लिहिलंय त्यावर मला बोलायला जागा नाही. जे आहे ते आहे. पण कुलपाचं सांगतो.

फेब्रुवारीत एक दिवस घरी आलो तर ठोंब्याच्या मानेला पिवळं मलम लावलेलं. दोर सैल. मला वाटलं काकूंनी केलं. त्या आधी दोनदा मला बोलल्या होत्या, ‘कुत्र्याचे हाल करता’ म्हणून, आणि त्या बोलल्या ते खरं होतं म्हणून मला जास्त झोंबलं होतं. माझ्या घरात येऊन मला शिकवते काय, असा पारा चढला. मलम पुसून टाकलं, ताई. फडक्याने. तो ओरडला. आणि दुसऱ्या दिवशी कुलूप आणून फाटकाला लावलं, काकू येऊ नयेत म्हणून.

पोरगी आली असेल हे माझ्या मनातसुद्धा आलं नाही. आलं असतं तर मी फाटक काढून ठेवलं असतं. त्या दिवशी ती भिंतीपलीकडे उभी होती तेव्हा मी बहुधा घरातच होतो. दोन दिवस ताप होता, कामावर गेलो नव्हतो. ठोंब्या कण्हत होता ते मी ऐकलं. उठून ‘गप्प बस’ म्हणालो आणि परत पडलो.

ते कुलूप तिच्यासाठी नव्हतं. तिला एवढं कळायला हवं, बाकी तिने मला कधीच माफ केलं नाही तरी चालेल. पण हे कळवायला आता तुझ्याकडे पत्ता नाही, आणि माझ्याकडे तर कधी नव्हताच.

धाकटा